सकाळी छान वाटणारी लेन्स दुपारी तीनला नकोशी होते तेव्हा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासून चष्मा-लेन्स देणारा. चिंचवडला बसतो. हिंजवडी-वाकडकडची नोकरदार मंडळी माझ्याकडे जास्त येतात आणि कॉन्टॅक्ट लेन्सची तक्रार बहुतेकांची एकच असते. “सर, सकाळी घालतो तेव्हा डोळ्यात काही आहे हेही कळत नाही. जेवण झालं की मात्र कधी एकदा काढून टाकतो असं होतं.” तोवर दोन कंपन्या बदलून झालेल्या असतात, तीन प्रकारचे ड्रॉप्स आणून झालेले असतात आणि कुणीतरी “तुझ्या डोळ्यांना लेन्स चालतच नाही” असं सांगून टाकलेलं असतं. न चालणारे डोळे असतात, नाही असं नाही, पण फार थोडे. बाकीच्यांचा दोष कुठेतरी साध्या ठिकाणी असतो. तो कोणत्या क्रमाने शोधायचा ते लिहितो. फुकटात होणारं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

नुसतं “त्रास होतो” म्हणून भागत नाही. कधी होतो आणि कोणत्या डोळ्यात होतो, त्यावरून निम्मं निदान होतं.

घातल्या घातल्या टोचत असेल तर लेन्स उलटी आहे, चिरलेली आहे किंवा तिच्यावर काहीतरी चिकटलेलं आहे. सुरुवातीला छान आणि तीन-चार तासांनी रखरख, वाळू गेल्यासारखं होत असेल तर कोरडेपणा, जुनी लेन्स किंवा घट्ट बसणारी लेन्स यांपैकी काहीतरी. पापणी लवली की धूसर होऊन मग दिसायला लागत असेल तर लेन्स सैल असण्याची शक्यता जास्त. उलट, पापणी लवल्यावर क्षणभर लख्ख दिसून पुन्हा धूसर होत असेल तर ती घट्ट असू शकते. संध्याकाळी लेन्स काढल्यावर आरशात बुबुळाभोवती पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो का पाहा. मोजे काढल्यावर पोटरीवर इलॅस्टिकचा उठतो ना, तसा. दिसला तर हमखास घट्ट.

लेन्स काढल्यानंतर खाज सुटणं आणि सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात चिकट चिपडं येणं, हे पापणीच्या आतल्या बाजूचं दुखणं असू शकतं. अक्षरांना सावली दिसत असेल तर सिलिंडर नंबराकडे, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने लागणाऱ्या नंबराकडे, बघावं लागतं. आणि वय चाळिशीच्या आसपास असून लांबचं झकास पण मोबाइल हात लांब करून वाचावा लागत असेल, तर लेन्स बिचारी निर्दोष आहे. त्याबद्दल पुढे.

एक मात्र इथेच सांगतो. डोळा दुखतोय, लाल झालाय, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली आहे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, यांतलं एक जरी असेल तर हे वाचत बसू नका. लेन्स काढा, परत घालू नका, आणि आजच्या आज नेत्रतज्ज्ञाकडे जा, रविवार असला तरी. काढलेली लेन्स फेकू नका, डबीसकट बरोबर न्या. जंतू कोणता ते शोधायला तिचा उपयोग होतो. मेडिकलमधून लाली घालवणारे किंवा स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स आणून घालू नका. बुरशी किंवा अमीबा असेल तर स्टेरॉइडने डोळा दोन दिवस बरा वाटतो आणि आत जखम वाढत जाते. जुनी माणसं “डोळ्यात फूल पडलं” म्हणायची ते या दुर्लक्षातूनही पडतं.

एवढं नसेल तर पुढे चला.

फुकटातल्या गोष्टी

लेन्स उलटी आहे का? हसू नका. दहा वर्षं लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यातही मी उलटी लेन्स पाहिली आहे. बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने, डोळ्याच्या उंचीला धरून बघा. वाटीसारखी सरळ उभी असेल तर सुलटी, कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी. पातळ लेन्समध्ये हे चटकन कळत नाही. मग ती तळहातावर घेऊन चिमटीत अलगद दाबा. कडा करंजीसारख्या आत मिटायला लागल्या तर बरोबर, बाहेर वळल्या तर उलटी. काही लेन्सवर कडेला बारीक १२३ छापलेलं असतं, ते बाहेरून सरळ वाचता आलं पाहिजे. उलट्या लेन्सची कड पापणीला घासते आणि लेन्स वाजवीपेक्षा जास्त हलते. गंमत म्हणजे हल्लीच्या मऊ लेन्स उलट्या घातल्या तरी सकाळी फारसं काही जाणवत नाही. त्रास दुपारी सुरू होतो, म्हणून कुणाला उलटेपणाचा संशयही येत नाही.

डावी-उजवी बदलली का? दोन्ही डोळ्यांच्या नंबरात फरक असेल तर एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. लेन्स घालून एकेका डोळ्याला जे दिसतं ते चष्म्यातून दिसतं त्याच्याशी ताडून पाहा. कायम उजवीपासून सुरुवात करायची, घालतानाही आणि काढतानाही. एवढी एक सवय लागली की हा घोळ होत नाही. डबीच्या झाकणांवर विश्वास ठेवू नका, बेसिनवर झाकणंच बदलतात.

चीर आणि कचरा. एकाच डोळ्यात, एकाच जागी टोचत असेल तर लेन्स काढून सोल्यूशनने चोळून धुवा आणि उजेडाकडे धरून तिची कड पूर्ण फिरवून बघा. नखाने पडलेली चीर अर्ध्या मिलिमीटरची असली तरी पापणीला ती खिळ्यासारखी लागते. चिरलेली लेन्स फेकायची, “आजचा दिवस काढू” करायचं नाही. नवी लेन्स घातल्यावरही त्याच डोळ्यात त्याच जागी टोचत असेल तर दोष लेन्सचा नाही, डोळ्याचा आहे. मग पुढच्या पायऱ्या सोडून तपासायला या.

हात. हात धुतले का हा प्रश्न तर आहेच, पण कशाने धुतले हा जास्त महत्त्वाचा. क्रीमवाला, सुगंधी साबण बोटांवर थर सोडतो आणि तो लेन्सवर जातो. केसांना खोबरेल तेल लावून त्याच हातांनी लेन्स घातली की दिवसभर धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. एक बाई महिनाभर म्हणत होत्या की शनिवार-रविवारीच डोळे चुरचुरतात, ऑफिसला असताना काही होत नाही. म्हणजे एसीचा प्रश्न नव्हता. विचारत विचारत गेल्यावर कळलं की सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेचा त्या करतात. मिरचीचा तिखटपणा साध्या साबणाने एका धुण्यात जात नाही, आणि लेन्स तो धरून ठेवते. उपाय फुकटचा: लेन्स आधी, स्वयंपाक नंतर. आणि हात टॉवेलला पुसले की धागे बोटांना लागतात, तेव्हा जुन्या, तंतू न सुटणाऱ्या सुती कापडाला पुसा.

काजळ लावत असाल तर लेन्स घातल्यानंतर लावा आणि पापणीच्या केसांच्या बाहेरच्या बाजूने लावा. आतल्या ओल्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात. काजळ तिथे बसलं की ती बुजतात, अश्रूंवरचा तेलाचा थर पातळ होतो आणि डोळ्यातलं पाणी लवकर उडून जातं. दुपारच्या कोरडेपणाचं हे एक कारण आहे, आणि ते कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

तारीख आणि बाटली

महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस, वापरलेले ३० दिवस नव्हेत. इथे बहुतेकांशी माझी हुज्जत होते. “सर, मी आठवड्यातून तीनदाच घालतो, म्हणजे दोन महिने चालायला हवी.” पाकीट फुटलं की लेन्सचं निर्जंतुकपण संपतं. डबीत पडून असली तरी दिवस मोजले जातात. शिवाय अश्रूंतली प्रथिनं आणि तेल लेन्सवर साठत जातं. पहिले काही दिवस ते जाणवत नाही, मग रोज थोडं लवकर खुपायला लागतं. आधी संध्याकाळी सात, मग पाच, मग तीन. तुमच्या त्रासाची वेळ अशी हळूहळू अलीकडे सरकत आली असेल तर दुसरं काही शोधण्याआधी पाकीट फोडल्याची तारीख बघा. मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा. आठवड्यातून तीनदाच घालणाऱ्याला तर रोज फेकायच्या लेन्स हिशोबाने कित्येकदा स्वस्त पडतात, कारण सोल्यूशनचा खर्च वाचतो.

सोल्यूशनमध्ये मी चार गोष्टी बघतो. डबीतलं जुनं ओतून टाकता की त्यातच नवं भर घालता? जुन्यात भर घातली की जंतू मारायची ताकद उरत नाही, नुसतं ओलं राहतं. लेन्स तळहातावर घेऊन चोळता का? बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, चोळा. प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंद. चोळल्याने निघतो तेवढा थर भिजवून निघत नाही. बाटली उघडून किती दिवस झाले? बहुतेक सोल्यूशन उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायची असतात. डबीही साधारण तीन महिन्यांनी बदलायची. आणि बाटलीत सोल्यूशनच आहे ना, सलाइन तर नाही? सलाइनने लेन्स धुतली जाते, निर्जंतुक होत नाही.

पाणी मात्र कधीच नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलंही नाही. साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. लेन्सवर बसून तो कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि नजर परत येईलच याची खात्री नसते. लेन्स घालून अंघोळ, पोहणं, पावसाळी ट्रेकला धबधब्याखाली उभं राहणं, या सगळ्याला याच कारणासाठी माझी बंदी असते. लोक नाराज होतात. होऊ देत.

लेन्स घातल्यावर पहिली दहा मिनिटं चुरचुरून मग ठीक होत असेल तर सोल्यूशनमधलं जंतुनाशक सोसत नसेल अशी शंका घ्यावी. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत आहे, पण ती समजावून घेतल्याशिवाय वापरू नका. तिची डबी वेगळी असते, तिला ठरलेले तास द्यावे लागतात, आणि ते द्रव चुकून थेट डोळ्यात गेलं तर असं झोंबतं की माणूस जन्मभर विसरत नाही.

इथवर येऊन फरक पडला नसेल तर एक छोटा प्रयोग करता येतो. तुमच्या ऑप्टोमेट्रिस्टकडून रोज फेकायच्या लेन्सच्या पाच जोड्या घ्या, सोमवार ते शुक्रवार घाला. त्रास गेला तर दोष जुन्या लेन्सवरच्या थरात किंवा सोल्यूशनमध्ये होता. तसाच राहिला तर लेन्स बसण्यात किंवा डोळ्याच्या कोरडेपणात आहे. हा प्रयोग अगदी काटेकोर नाही, कारण रोजच्या लेन्सचा आकारही थोडा वेगळा असतो. पण पाच जोड्यांच्या खर्चात अर्धा रस्ता कळतो.

तुमचा दिवस

एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. स्क्रीनसमोर ते प्रमाण निम्म्याच्याही खाली येऊ शकतं, आणि जी लवते तीही अर्धवट. पापणी पूर्ण मिटली तरच लेन्सवर नवा अश्रूंचा थर पसरतो. त्यात एसीचा झोत थेट तोंडावर. जाता-येता दुचाकी, आणि हेल्मेटची काच वर. असा दिवस असेल तर चांगल्यातली चांगली लेन्सही दुपारी वाळते. मऊ लेन्स पाणी धरूनच मऊ राहते. ते कमी झालं की ती किंचित आवळते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झोताची दिशा बदला, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली घ्या, हेल्मेटची काच बंद ठेवा. लेन्सवर चालतील असं लिहिलेलेच वंगणाचे ड्रॉप्स घाला आणि त्रास सुरू होण्याआधी घाला. तीनला खुपत असेल तर एक वाजता. गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही आठवा. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी आणि मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनने डोळे कोरडे पडतात. लेन्स बदलून यांतलं काही सुटत नाही. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

लेन्स घालून झोपता का, हेही स्वतःला खरं सांगा. बसमधली डुलकीसुद्धा. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन हवेतून घेतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी, म्हणजे दोन पांघरुणं. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दर दहा हजारांमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या बुबुळाला जंतूंचा व्रण झाला होता. लेन्स घालून झोपणाऱ्यांत तोच आकडा सुमारे २१ होता. त्यानंतर जास्त ऑक्सिजन सोडणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, पण झोपेतला धोका गेलेला नाही.

नंबर कुठून आला?

चष्म्याच्या चिठ्ठीवरचा नंबर बघून लेन्स मागवली असेल तर इथे थांबा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच बसते. नंबर ४ च्या पुढे गेला की हे अंतर हिशोबात घ्यावं लागतं. चष्मा -६.०० असेल तर लेन्स सुमारे -५.५०, चष्मा -८.०० असेल तर सुमारे -७.२५. प्लस नंबरात उलटं होतं, +६.०० चा चष्मा असेल तर लेन्स जवळजवळ +६.५०. मायनसमध्ये जास्तीचा नंबर घातला तर तरुण डोळा ताण देऊन सांभाळून घेतो, लांबचं स्पष्टच दिसतं. म्हणून चूक पकडली जात नाही. दुपारी डोकं जड होतं आणि दोष लेन्सला जातो.

सिलिंडर नंबराचा प्रकार आणखी वेगळा. सिलिंडर ०.७५ किंवा जास्त असेल तर टॉरिक, म्हणजे सिलिंडर नंबर घातलेली, लेन्स लागते. ती महाग, म्हणून पुष्कळदा अर्धा सिलिंडर मुख्य नंबरात मिळवून साधी लेन्स दिली जाते. -२.०० ला -१.५० सिलिंडर असलेल्याला -२.७५ ची साधी लेन्स. दिसतं, पण अक्षरांना सावली राहते आणि दिवसभर डोळे बारीक करून वाचावं लागतं. टॉरिक दिली असेल तर ती डोळ्यात फिरत नाही ना ते बघावं लागतं. दहा अंश फिरली तरी सिलिंडरचा जवळपास एक तृतीयांश दोष परत येतो. हे घरी कळत नाही, लेन्सवरच्या बारीक खुणा स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघाव्या लागतात.

आता ते चाळिशीचं. मायनस नंबराचा चष्मा जवळचं वाचताना डोळ्याला थोडी सवलत देतो. लेन्स ती देत नाही. त्यामुळे चष्म्यातून पंचेचाळिशीपर्यंत निभावलं असतं ते लेन्समध्ये एक्केचाळिसाव्या वर्षीच अडतं. लेन्स खराब नाही, जवळचा नंबर लागू झालाय. वाचायला वरून साधा चष्मा, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स, किंवा एक डोळा लांबचा आणि एक जवळचा, असे मार्ग आहेत. माझं मत विचाराल तर आधी साधा चष्मा वापरून बघा.

इथून पुढे घरी करू नका

लेन्स डोळ्यावर कशी बसली आहे हे आरशात दिसत नाही. बॉक्सवर बीसी (बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सचा बाक) ८.६ आणि व्यास १४.२ असे मिलिमीटरमधले आकडे असतात. लोकांना वाटतं की बुटाच्या मापासारखं हे माप जुळलं की झालं. तसं नाही. सारख्या बीसीच्या दोन कंपन्यांच्या लेन्स एकाच डोळ्यावर वेगळ्या बसतात, कारण व्यास, कडेची घडण आणि मटेरियल वेगळं असतं. म्हणून ऑनलाइन “सेम बीसी, स्वस्त ब्रँड” घेऊन फसलेले माझ्याकडे दर आठवड्याला एक तरी येतात.

मऊ लेन्सच्या मऊपणानेच हा गैरसमज झालाय. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचं यंत्र जोडून, सायकलच्या डायनॅमोवर ते फिरवून पहिल्या मऊ लेन्स पाडल्या. त्याआधीच्या कडक लेन्सचं माप चुकलं तर माणूस पाच मिनिटांत ओरडायचा. मऊ लेन्स चुकीच्या मापाचीही मुकाट्याने बसते आणि दुपारपर्यंत वाट बघते.

योग्य फिटिंगमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला मिळालेलं फिटिंग खरं होतं का ते ताडता येईल. आधी तुमच्या दिवसाची चौकशी. मग केराटोमीटरवर कॉर्नियाचा बाक. ४३-४४ च्या आसपास आकडा येतो तो सर्वसाधारण. ३३७.५ ला त्या आकड्याने भागलं की त्रिज्या मिलिमीटरमध्ये मिळते. बुबुळाची रुंदी. वरची पापणी उलटून आतली बाजू. डोळ्यात फ्लोरेसीनचा पिवळा रंग लावून अश्रूंचा थर किती सेकंदात फाटतो. दहाच्या आत फाटला तर कोरडेपणाचा संशय. मग ट्रायल लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवतात. ही वाट बघणं महत्त्वाचं, कारण घातल्या घातल्या डोळ्यात पाणी असतं आणि लेन्स खोटी हलते. त्यानंतर स्लिट लॅम्पखाली ती मधोमध आहे का, पापणी लवली की पाव ते अर्धा मिलिमीटर सरकून परत येते का, खालच्या पापणीने वर ढकलली तर सहज सुटते का, हे बघतात. शेवटी लेन्सवरूनच पुन्हा नंबर तपासतात, घालायला-काढायला शिकवतात आणि आठवड्याने परत बोलावतात. ट्रायल न घालता बॉक्स हातात आला असेल तर ती विक्री झाली, फिटिंग नाही.

लेन्सचं हे हलणं कशासाठी? तिच्याखालचे अश्रू बदलत राहावेत म्हणून. लेन्स चिकटून बसली की खालचं पाणी साचतं, कचरा तिथेच राहतो आणि कॉर्नियाच्या कडेवर दाब येतो. सैल लेन्स त्रास लगेच देते, म्हणून बदलली जाते. घट्ट लेन्स सुरुवातीला सगळ्यात आरामशीर वाटते, कारण ती हलतच नाही. म्हणून घट्ट लेन्सची मला जास्त धास्ती.

एक मुलगा आठवतो, रात्रपाळी-दिवसपाळी आलटून पालटून करणारा. चौथी कंपनी चालू होती. तीन ठिकाणी तपासून आलेला, सगळीकडे “फिटिंग उत्तम” असा शेरा. मीही सकाळी अकराला बघितलं तर लेन्स जेमतेम पण हलत होती. कॉर्निया सपाट होता, ४१.२५, म्हणजे त्रिज्या जवळपास ८.२ मिलिमीटर, आणि लेन्स ८.४ ची. मऊ लेन्सचा बाक कॉर्नियापेक्षा बराच सपाट, म्हणजे आकडा बराच मोठा, लागतो. मला खटकलं. त्याला म्हटलं, लेन्स काढू नकोस, ऑफिसला जा आणि साडेचारला परत ये. साडेचारला स्लिट लॅम्पखाली लेन्स जागची हलेना. पापणीने ढकलली तरी नाही. कडेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या होत्या, आणि लेन्स काढल्यावर पिवळा रंग लावला तर गोल वळ स्वच्छ उठला. दिवसभरात लेन्स वाळून आवळत होती, आणि तपासणी मात्र सगळ्यांनी सकाळीच केली होती. त्याच लेन्समध्ये ८.८ मिळत होती, ती दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा साडेचारलाच बोलावलं. लेन्स हलत होती.

माझ्याही हातातलं नसतं तेव्हा

फिटिंग बरोबर, लेन्स ताजी, तरी त्रास असेल तर मी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. वरच्या पापणीच्या आत मोठे दाणे उठले असतील तर लेन्स काही आठवडे बंद आणि औषध. पापणीच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर आधी शेक आणि उपचार, मग लेन्स. सिलिंडर दर सहा-आठ महिन्यांनी वाढतोय, चष्म्यानेही लख्ख दिसत नाही आणि डोळे चोळायची सवय आहे, असं तिन्ही जमलं तर केराटोकोनसची शंका येते. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तेव्हा कॉर्नियाचा नकाशा काढावा लागतो, वाढ थांबवायला सी-थ्री-आर (कॉर्निया मजबूत करण्याचा उपचार) करायचं का ते नेत्रतज्ज्ञ ठरवतात, आणि लेन्स लागते ती सेमी-सॉफ्ट (नाव तसं असलं तरी कडक) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी). ते फिटिंग नेहमीच्या दुकानात होत नाही, आणि मऊ लेन्स बदलत राहून तर मुळीच सुटत नाही.

आता तपासणीला जाताना. लालपणा, दुखणं असेल तर चष्मा लावून, लगेच. कॉर्नियाचा नकाशा काढायचा असेल तर किती दिवस आधी लेन्स बंद ठेवायची ते फोन करून विचारा. पण तक्रार फक्त दुपारच्या खुपण्याची असेल तर सकाळची पहिली अपॉइंटमेंट घेऊ नका. लेन्स घालून नेहमीसारखं ऑफिस करा, ड्रॉप्स घालू नका, आणि चारनंतरची वेळ मागून घ्या. लेन्सचा बॉक्स, सोल्यूशनची बाटली, डबी आणि चष्मा पिशवीत टाका. डबी धुवून आणू नका, आहे तशी आणा.